राष्ट्रीय कलासंग्रह : मालकी जनतेची, किल्ली कोणाची?

दिल्लीत इंडिया गेटजवळ जयपूर हाऊस नावाची वास्तू आहे. तिच्या हिरवळीवर देवीप्रसाद रायचौधुरी यांचे 'श्रमाचा विजय' हे शिल्प उभे आहे. अंगावर जेमतेम वस्त्र असलेले चार मजूर एक अजस्र शिळा जागची हलवीत आहेत, हा त्याचा विषय. हेच शिल्प मद्रासच्या मरिना किनाऱ्यावर १९५९ पासून आहे. ज्या शहरात सिंगारवेलूंनी १९२३ साली भारतातील पहिला मे दिन साजरा केला, त्या शहराने ते आपले मानले. तेथील कामगार मे दिनाला त्याच्यापाशी जमतात. दिल्लीतील शिल्प कामगारांपासून दूर, कुंपणाच्या आत आहे. शिल्प तेच, शिल्पकार तोच. फरक आहे तो त्याच्याभोवतीच्या कुंपणाचा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचा सत्तर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास या एका फरकात सामावलेला आहे.

ही वास्तू १९३६ साली जयपूर संस्थानच्या महाराजांसाठी बांधली गेली. ब्लूमफील्ड यांनी तिची वास्तुरचना केली. संस्थानी प्रजेच्या शेतसाऱ्यातून राजधानीत जे महाल उठले, त्यांपैकी हा एक. २९ मार्च १९५४ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी याच महालात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे उद्घाटन केले. पहिले संग्रहपाल हर्मन ग्योट्झ हे जर्मन कलापंडित; नाझी राजवटीमुळे मायदेशाला पारखे झालेले आणि पूर्वी बडोद्याच्या संग्रहालयाचे काम पाहिलेले. राजाच्या घरात प्रजेची चित्रे लागली, ही घटना लहान नव्हती. ज्या देशात चित्र ही दरबाराची, मठाची किंवा गोऱ्या साहेबाच्या दिवाणखान्याची वस्तू होती, त्या देशात शासनाने जाहीर केले की येथून पुढे अवनींद्रनाथ, जामिनी राय, अमृता शेरगिल ही सर्वांची ठेव आहे. या निर्णयाचे श्रेय त्या पिढीला निःसंकोचपणे दिले पाहिजे.

परंतु मालकी जाहीर करणे वेगळे आणि मालकाच्या हाती किल्ली देणे वेगळे. सार्वजनिक उद्योगांच्या बाबतीत या देशाला जो अनुभव आला, तोच कलासंग्रहाच्या बाबतीत आला. कारखान्यावर जनतेच्या नावाची पाटी लागली, आत मात्र सचिवाचे राज्य आले. आणि त्या राज्याचा कंटाळा आला तेव्हा उपाय म्हणून पुढे करण्यात आला तो धनिक.

हरिपुऱ्याचे शेतकरी कोठे गेले?

संग्रहालयाकडे आज सतरा हजारांहून अधिक कलाकृती आहेत. डॅनियल यांच्या काळातील इंग्रजी दृश्यचित्रांपासून, कंपनी शैली, रविवर्मा, बंगालची परंपरा, शांतिनिकेतन, मुंबईचे प्रोग्रेसिव्ह, अशी ती सलग मालिका आहे. अमृता शेरगिलची चित्रे शंभराच्या घरात आहेत. तिचे वडील उमरावसिंग आणि पती व्हिक्टर इगन यांच्याकडून ती शासनाकडे आली. १९३६ च्या अखेरीस अजिंठा पाहून आलेल्या या मुलीने पुढल्याच वर्षी 'ब्रह्मचारी', 'वधूचा शृंगार' आणि 'बाजाराला निघालेले दक्षिणी खेडूत' ही तीन चित्रे रंगविली. अजिंठ्याच्या भिंती आणि भारतीय गरिबाचे मौन यांची सांगड प्रथम तेथे पडली. हा ठेवा एकत्र राहिला, विखुरला नाही, याचे कारण तो बाजारात गेला नाही, हेच आहे.

या संग्रहातील सर्वांत बोलका भाग मात्र नंदलाल बोस यांच्या हरिपुरा चित्रांचा. त्यांची पूर्वपीठिका महाराष्ट्राने विसरू नये. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले, ते खानदेशातील फैजपूर येथे. शेतकऱ्यांच्या कर्जाचा, खंडाचा आणि जमिनीचा कार्यक्रम जेथे मान्य झाला तेच हे अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालबाबूंनी तेथील मंडप आणि सजावट बांबू व स्थानिक सामान वापरून उभी केली. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये, सुभाषचंद्र अध्यक्ष असताना, गुजरातेतील हरिपुरा येथे अधिवेशन भरले. त्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या कागदावर, देशी रंगांत, शेकडो चित्रे काढली. नांगरणारा, ढोल वाजविणारा, चांभार, सुतार, सूत कातणारी, कांडण करणारी. ही चित्रे कोणाच्या दिवाणखान्यासाठी नव्हती. बैलगाडीतून आणि पायी आलेल्या खेडुताला मंडपाच्या वाटेवर आपलेच रूप दिसावे आणि आपण या देशाचे कोणी आहोत हे त्याला उमगावे, एवढाच त्यांचा हेतू.

ती चित्रे आज संग्रहालयाकडे आहेत. त्यांतील काही २०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनातील भारतीय दालनात मांडली गेली. व्हेनिसला ती गेली याचा खेद कोणी करू नये. पण ज्या फैजपुरात या विचाराचा उगम झाला तेथल्या शाळकरी मुलाला ती पाहायची असतील, तर त्याने काय करावे? त्याच्या बापाने दिल्लीचे तिकीट काढावे, मुक्काम करावा, आणि त्या दिवशी ती चित्रे कोठारात नसून भिंतीवर असतील अशी आशा धरावी. २००९ साली नव्या इमारतीमुळे प्रदर्शनाची जागा सुमारे सहा पट वाढली, तरीही सतरा हजारांपैकी बहुतांश कृती कोठारातच राहणार हे उघड आहे. जगातील सर्वच मोठ्या संग्रहालयांची हीच स्थिती असते, असे उत्तर दिले जाते. ते खरे आहे, आणि म्हणूनच ते पुरेसे नाही. भिंतीवर जागा नाही हे मान्य असेल, तर कोठारातील चित्रे जिल्ह्याजिल्ह्यांत फिरविण्याला आडकाठी कशाची? शंभर वर्षांपूर्वी गिरगावात आणि मग मळवलीस चाललेल्या रविवर्मा छापखान्याने शिळाप्रेसवरील चित्रे घराघरात पोचविली. तो नफ्यासाठी चालविलेला व्यवसाय होता. एका छापखान्याला जे जमले ते प्रजासत्ताकाला जमू नये?

किंमत आणि मोल

या विषयाची आर्थिक बाजू सहसा चर्चेत येत नाही. मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' हे चित्र त्याच काळात एका परदेशी डॉक्टराने विकत घेतले आणि ते ऑस्लोच्या रुग्णालयात राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ३७ लाख डॉलरांहून अधिक, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये, किंमत आली. याच हुसेनचे १९५५ सालचे 'जमीन' हे चित्र, विषय तोच, गावगाड्याचा, ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात गौरविलेले, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. त्याची बाजारातील किंमत काय? शून्य, कारण ते विकले जाऊ शकत नाही. आणि नेमके म्हणूनच त्याचे मोल अमर्याद आहे. पहिले चित्र ज्याच्या खिशात कोट्यवधी रुपये आहेत त्याच्या मर्जीने दिसेल. दुसरे पाहण्याचा हक्क पंढरपूरच्या वारकऱ्यालाही आहे. हुसेनचा जन्म त्याच पंढरपूरचा. त्याने मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. धर्माच्या ठेकेदारांनी त्याच्यामागे ससेमिरा लावला. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्यावरील खटले रद्द केले, तरीही हा म्हातारा मायदेशी परतू शकला नाही. कतारचे नागरिकत्व घेऊन तो २०११ मध्ये लंडनला वारला. चित्र राष्ट्राचे आणि चित्रकार मात्र परका, असा हा न्याय.

अमृता शेरगिलचे एक चित्र सप्टेंबर २०२३ मध्ये ६१ कोटी ८० लाख रुपयांना विकले गेले. २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात केंद्राचा एकूण खर्च ४५ लाख कोटी रुपयांचा होता आणि संपूर्ण संस्कृती मंत्रालयाच्या वाट्याला सुमारे ३,४०० कोटी आले. म्हणजे दर शंभर रुपयांत साडेसात पैसे. पुरातत्त्व, अभिलेखागार, ग्रंथालये, अकादम्या आणि सारी राष्ट्रीय संग्रहालये यांनी त्या साडेसात पैशांत भागवायचे. 'ग्रामयात्रा'सारखे एकच चित्र घ्यायचे तर अशा अंदाजपत्रकातील साडेतीन टक्के रक्कम त्यातच जाईल. यावरून बाजाराचे भक्त निष्कर्ष काढतात की शासनाने या फंदात पडू नये. ज्यांना परवडते त्यांना संग्रह करू द्यावा, ते संग्रहालये बांधतील आणि जनता दुवा देईल.

हा निष्कर्ष अर्थशास्त्राला धरून नाही. लिलावात धनिकाशी चढाओढ करणे हे सार्वजनिक संग्रहाचे कामच नव्हे. त्याचे काम कलावंत हयात असताना, तरुण असताना, बाजाराची नजर पडण्याआधी, जाणकारांच्या निर्णयाने कृती घेणे हे आहे. अशा खरेदीला पैसा कमी लागतो. दृष्टी आणि निर्भय समिती लागते. शिवाय कायदाही हाताशी आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ, नंदलाल, जामिनी राय, अमृता शेरगिल, रविवर्मा, निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी या नऊ कलावंतांच्या कृती राष्ट्राचा कलानिधी म्हणून घोषित झाल्या. त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. सार्वजनिक जागी जतन करण्यासाठी अशी कृती भरपाई देऊन सक्तीने संपादन करण्याचा अधिकारही कायद्याने केंद्राला दिला आहे. धरणासाठी आणि कारखान्यासाठी शेतकऱ्याची जमीन संपादन करताना जे शासन मागेपुढे पाहत नाही, ते धनिकाच्या भिंतीवरील चित्रापुढे एकाएकी मालमत्तेच्या पावित्र्याचे स्तोत्र म्हणू लागते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्या नऊ नावांची यादीही पुन्हा वाचावी. मुंबईच्या कलापरंपरेतील एकही नाव तीत नाही. कायद्याची अट कलावंत हयात नसावा एवढीच आहे. धुरंधर १९४४ मध्ये गेले, कोल्हापूरचे आबालाल रहिमान त्याआधीच. हा प्रांतिक अभिमानाचा मुद्दा नव्हे. राष्ट्रीय म्हणजे काय हे दिल्लीत बसून ठरविले की कोणते प्रदेश नजरेआड होतात, याचा हा दाखला आहे.

एक कलावंत, दोन खाती

त्याहून मोठा अन्याय प्रदेशाचा नाही, जातीचा आणि वर्गाचा आहे. जामिनी राय यांनी बंगालच्या पटुआंची रेषा घेतली, नंदलालबाबूंनी ढोलकऱ्याला चित्रात आणले. ते आधुनिक कलावंत ठरले आणि संस्कृती मंत्रालयाच्या संग्रहालयात विराजमान झाले. स्वतः पटुआ, स्वतः वारली, स्वतः गोंड यांची कला पाहायची असेल तर दिल्लीत राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयाकडे जावे लागते, आणि ते संग्रहालय येते वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली! आदिवासीचे चित्र काढणारा तो कलावंत. आदिवासी स्वतः चित्र काढील तर तो कारागीर, आणि त्याची कृती कापड आणि ताग यांच्या पंक्तीला. चातुर्वर्ण्य केवळ मंदिरात नांदते असे नाही. ते शासनाच्या खातेवाटपातही नांदते.

यातील विसंगती अशी की याच वस्त्रोद्योग खात्याने कधीकाळी कलेसाठी अधिक मोकळेपणाने काम केले. त्याच्या विणकर सेवा केंद्रांत प्रभाकर बरवे यांच्यासारख्या चित्रकाराला नोकरी होती. त्याच परिवारातील भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या आरंभी डहाणूच्या पाड्यांवर पोचले आणि वारली चित्रे शहरापुढे आली. जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर झाले; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भोपाळच्या भारत भवनाने १९८२ साली स्वामिनाथन यांच्या नेतृत्वाखाली शहरी चित्रकार आणि आदिवासी चित्रकार यांना एका छपराखाली समान मानाने आणले, आणि जनगडसिंह श्याम यांच्यासारखा गोंड कलावंत आधुनिक म्हणून पुढे आला. म्हणजे हे अशक्य होते असे नाही. दिल्लीने भिंत पाडली नाही, इतकेच.

कुलाब्यातील सभागृह

आता मुंबईकडे वळले पाहिजे. सर कावसजी जहांगीर सभागृह १९११ साली उभे राहिले. राजकीय सभा आणि गाण्याच्या मैफली यांचे ते ठिकाण होते. त्याचे कलादालन व्हावे म्हणून शिल्पकार पिलू पोचखानवाला, केकू गांधी आणि अन्य कलाप्रेमी नागरिकांनी वर्षानुवर्षे खटपट केली. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय संग्रहालयाची मुंबई शाखा म्हणून खुले झाले, तेव्हा पोचखानवाला हयात नव्हत्या. ही शाखा दिल्लीने मुंबईला दिलेली देणगी नव्हती, तर मुंबईच्या कलावंतांनी शासनाकडून मिळविलेला हक्क होता. शहरातील कलावंतांची सल्लागार समिती हे त्या हक्काचे दृश्य रूप होते.

८ फेब्रुवारी २०१९ रोजी तेथे बरवे यांच्या स्मृतिप्रदर्शनाचे उद्घाटन झाले. जे. जे. मध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतलेले अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर बोलत होते. स्थानिक सल्लागार समित्या संपुष्टात आणल्या गेल्या, प्रदर्शनांचे निर्णय यापुढे दिल्लीतून मंत्रालय घेणार आणि स्मृतिप्रदर्शनांना मिळणारी जागा आक्रसणार, याविषयी त्यांनी शांतपणे प्रश्न विचारला. त्यांना पुनःपुन्हा मध्येच थांबविण्यात आले; प्रदर्शनापुरतेच बोला, असे सांगण्यात आले. चित्रकाराच्या प्रदर्शनात चित्रकारांच्या हक्काविषयी बोलणे विषयांतर ठरले! ज्या सभागृहात परकीय सत्तेच्या काळी स्वराज्याची भाषणे झाली, तेथे स्वराज्यात एका कलावंताला वाक्य पुरे करू दिले गेले नाही.

त्याच सुमारास, जानेवारी २०१९ मध्ये, दिल्लीच्या संग्रहालयात पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा लिलाव भरला होता. पैसा गंगेच्या शुद्धीकरणास जाणार होता; हेतूला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु कलासंग्रहालयाची वास्तू पगड्या, शाली आणि मानचिन्हे विकण्याची पेठ झाली, याचा विधिनिषेध कोणाला वाटला नाही. ३० एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणमालेच्या शंभराव्या भागानिमित्त तेथेच 'जनशक्ती' या नावाचे प्रदर्शन उघडले. त्यात सहभागी झालेले चित्रकार मान्यवर होते. त्यांच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. वाद आहे तो या प्रश्नाचा की, राष्ट्रीय संग्रहालयाने प्रदर्शनाचा विषय कलेच्या इतिहासातून घ्यावा की सत्ताधाऱ्यांच्या दिनदर्शिकेतून?

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, हा रोग एका पक्षाचा नाही. संग्रहालय आरंभापासूनच मंत्रालयाचे दुय्यम कार्यालय राहिले. काँग्रेसच्या दीर्घ राजवटीत त्याला कायद्याचे स्वतंत्र अधिष्ठान मिळाले नाही. त्या काळी सत्तेला मर्जी राखण्याची सवय होती, आताच्या सत्तेला जयजयकाराची आहे. दाराला कडी मात्र तेव्हाही आतून नव्हती, आताही नाही. स्वायत्तता नुसती कागदावर असून भागत नाही, हे ललित कला अकादमीने दाखविले आहे. स्वायत्त म्हणविणाऱ्या त्या संस्थेचा कारभार २०१५ मध्ये मंत्रालयाने स्वतःकडे घेतला.

भाकरीचा आक्षेप

एक आक्षेप घरातलाच आहे. पुरोगामी चळवळीतील अनेकांना वाटते की भाकरीचा प्रश्न सुटला नसताना चित्रांचा प्रश्न काढणे ही चैन आहे. हा विचार वरकरणी क्रांतिकारक दिसतो. वस्तुतः तो धनिकाच्या सोयीचा आहे. चित्र ही श्रीमंतांची वस्तू, असे धनिकही म्हणतो आणि हा कार्यकर्ताही म्हणतो; मग ती वस्तू धनिकाने उचलून नेली तर तक्रार कशाची? दुष्काळातील बंगालच्या भुकेची चित्रे काढणारे चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीच्या एका खोलीत हालअपेष्टांत जगले. भाकरी आणि चित्र यांत निवड करण्याचा सल्ला त्यांना कोणी दिला असता तर त्यांना हसू आले असते. फैजपूरच्या मंडपात शेतकऱ्याच्या कर्जाचा ठराव आणि नंदलालबाबूंची सजावट यांत कोणाला विरोध दिसला नव्हता. तो विरोध नंतरच्या चळवळींनी मानला आणि एक मोठे क्षेत्र प्रतिपक्षाला आंदण देऊन टाकले.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, संग्रहातील प्रत्येक कृती केव्हा, कोणाकडून, किती किमतीस आली आणि आज कोठे आहे, याची संपूर्ण यादी जनतेपुढे ठेवावी. मालकाला आपल्या मालमत्तेची यादी मागावी लागू नये. दोन, संग्रहालयाला संसदेच्या कायद्याने स्वतंत्र विश्वस्त मंडळ द्यावे आणि त्यात कलावंत, कलाशिक्षक व लोककलावंत बहुमतात असावेत. तीन, मुंबई आणि बंगळूर येथील शाखांचे निर्णय तेथील कलावंतांच्या समित्यांनी घ्यावेत आणि त्यांना कायद्याचे संरक्षण असावे. चार, हयात आणि तरुण कलावंतांच्या कृती घेण्यासाठी दरवर्षी निश्चित निधी राखून ठेवावा. पाच, कलावंत आणि कारागीर ही खातेवार विभागणी रद्द करावी. सहा, कोठारातील कृती आणि त्यांच्या उत्तम प्रतिकृती जिल्ह्याच्या गावी, शाळांत, कामगार वस्तीत न्याव्यात. पहिले फिरते प्रदर्शन हरिपुरा चित्रांचे असावे आणि त्याचा पहिला मुक्काम फैजपूरला पडावा.

या मागण्यांत अवाजवी असे काही नाही. १९५४ साली राजाच्या महालावर जनतेचे नाव लागले. ते नाव खरे करण्याचे काम मागे राहिले आहे, आणि ते मंत्रालय करील किंवा लिलावात बोली लावणारे करतील अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे आहे. मरिनावर कामगार आपल्या शिल्पापाशी जमतात ते कोणाची परवानगी मागून नव्हे. चित्रांच्या बाबतीतही हक्क बजावण्याची रीत याहून वेगळी नाही.